आत्याचं कोणी करायचं

छबूबाईनं आत्याची कूस बदलली, ओली लुगडी बादलीत टाकली, हात धुऊन पदराला पुसले आणि दाराशी येऊन म्हणाली, "दादा, सोमवारपासनं मी न्हाई यायची."

राधाकृष्ण खिडकीत आरसा टेकवून दाढी करत होता. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यानं विचारलं, "का? काय झालं?"

"गावाला दुष्काळाचं काम निघालंय, जामखेडच्या अंगाला. समदं घर खडी फोडाया चाललंय. मी बी जाती."

"खडी फोडणं इथल्यापेक्षा सोपं वाटलं का तुम्हाला?"

"सोपं कसलं, दादा. पन दगडाला वास न्हाई येत. अन् दगूड शिव्या देत न्हाई."

हे ती भांडून म्हणाली असती तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं. ती नुसती सांगत होती, वांगी महागली म्हणून सांगावं तसं. चपला अडकवून ती जिना उतरून गेली. राधाकृष्णनं उरलेला गाल खरवडला. पातं बोथट होतं, हनुवटीखाली रक्त आलं आणि त्याला एकदम सगळ्याचाच राग आला. पात्याचा, खिडकीतून येणाऱ्या माळीवाड्याच्या धुळीचा, पलीकडच्या खोलीत स्टोव्हला पंप मारत बसलेल्या पुष्पावतीचा. तो गेली कित्येक वर्षं विम्याचा एजंट होता आणि लोकांच्या नकाराला उत्तरं देण्यावरच त्याचं पोट होतं. हप्ता जड जातो म्हणणाऱ्याला काय सांगायचं, बायकोला विचारून सांगतो म्हणणाऱ्याला काय, देवानं लिहिलंय तेवढंच आयुष्य म्हणणाऱ्याला काय, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. दगडाला वास नसतो म्हणणाऱ्या बाईला काय सांगायचं, हे त्याला सुचलं नाही. कारण तेही खरंच होतं. पुढच्या खोलीत आत्याची खाट होती म्हणून तो कधी गिऱ्हाइकाला घरी आणत नसे. उदबत्ती कितीही लावली तरी उदबत्तीच्या खालून तो वास यायचाच. आणि शिव्या. अंगावरून वारं गेल्यापासून आत्याची वाचा अडखळायची. पाणी म्हणायला तिला तोंड वाकडं करकरून झगडावं लागायचं, पण शिव्या मात्र स्वच्छ निघायच्या, जणू त्या साठवून ठेवलेली जागा तेवढी शाबूत राहिली होती. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधी कधी.

तो बाहेर आला तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. मनकर्णा आत्या. हीच बाई एकेकाळी घोडेगावच्या बाजारातून खोंड घेऊन एकटी चालत गावी यायची, हे आज कोणाला सांगून पटलं नसतं. नवरा पटकीनं गेला तेव्हा तिला मूलबाळ नव्हतं. चार एकर रान मात्र होतं. दिरांनी ते मागून पाहिलं, दटावून पाहिलं. ती ढिम्म हलली नाही. राधाकृष्णची आई गेल्यावर तिनं त्याला उचलून आपल्याकडे नेलं. पुढं नगरच्या हायस्कुलात घातलं तेव्हा ती तुपाचा गडवा आणि बाजरीचं पीठ घेऊन एसटीनं यायची. वसतिगृहाच्या फाटकाशी उभी राहायची, कारण आत येणं तिला बरं वाटायचं नाही. म्हातारपण जवळ आलं तेव्हा एका पाडव्याला चार भाऊबंद चावडीपुढं बसलेले असताना ती म्हणाली होती, "जो माझं करील, त्याचं हे रान. मंग कोनाची तक्रार नको." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्या वेळी राधाकृष्ण नवा नवा एजंट झाला होता आणि त्याला मनोमन हसू आलं होतं, की आत्यानं आपल्याआधीच विमा उतरवला. रान हा हप्ता, आणि पडल्यावर कोणीतरी पाणी द्यायचं, ही भरपाई. पुढं वारं गेलं, सिव्हिलमध्ये न्यावं लागलं, आणि नगरात राहणारा भाचा तोच एक असल्यामुळे ती त्याच्याकडेच राहिली. थोरला भाऊ कारभारी तिचं रान वाहायचा. निम्मं धान्य नगरला पोचवायचं, त्यात छबूबाईचं भागवायचं, असं ठरलं होतं. पहिल्या वर्षी पोती आली. मग पाऊस गेला तो गेलाच. दोन सालं पायलीभर दाणा आला नव्हता. खिशातून जात होतं, आणि खिशात यायचं ते दुष्काळात विमा उतरवणाऱ्यांकडून, म्हणजे बहुधा कोणाकडूनच नाही.

"मी जाऊन येतो घोडेगावला," तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून म्हणाला. "आप्पासाहेबांनी बोलावलंय. तसाच कारभारीदादालाही भेटतो."

"जाऊन या," पुष्पावती म्हणाली. तिला आणखी काही सांगायचं होतं असं त्याला वाटलं. पण स्टोव्ह भरभरत होता, आणि ऐकायला थांबावं असं त्याला वाटलं नाही.

एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना नुसती माती दिसत होती. मातीलाही इतके रंग असतात हे त्याला पूर्वी माहीत नव्हतं. राखाडी, भुरी, कुठं गंजक्या लोखंडासारखी तांबूस. त्याच्या शेजारी एक म्हातारा मांडीवर रेशनच्या मिलो ज्वारीचं गाठोडं घेऊन बसला होता आणि दर गचक्याला गाठोडं सावरत होता, मूल सावरावं तसं. या म्हाताऱ्याचं कोण करत असेल, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो स्वतःवरच चिडला. हल्ली त्याला कुठलंही म्हातारं माणूस दिसलं की हेच यायचं मनात. पूर्वी तो माणसाकडं बघून त्याचं वय ओळखायचा, हप्ता काय बसेल ते मनात मांडायचा. आता तो त्यांचे गुडघे बघायचा, हात थरथरतात का बघायचा. जिना असेल का यांच्या घरी, असं त्याला वाटायचं.

घोडेगावचा बाजार तुडुंब होता, पण तो बाजार नव्हता, विल्हेवाट होती. बरगड्या मोजता येतील अशी जनावरं रांगेनं उभी होती आणि घेणारे हात मागं बांधून फिरत होते. आप्पासाहेब हा तिथला दलाल, एवढ्या वाईट सालात बरं चाललेला एकमेव माणूस. चहाच्या पालाखाली त्यानं राधाकृष्णला बाकावर बसवलं आणि सगळं नीट ऐकून घेतलं. तो समंजस होता, मध्ये बोलला नाही.

"म्हंजे मी गेलो तर पोरांला पैसं," तो शेवटी म्हणाला. "अन् मुदतीपोतर जगलो तर मलाच पैसं. बराबर?"

"बरोबर. दोन्हीकडून फायदाच."

"अन् मधीच लोंबकाळलो तर?"

"म्हणजे?"

"आमचं म्हातारं बघा. सहा वरसं झाली, ओट्यावर पडून हाय. मरत बी न्हाई, उठत बी न्हाई. दोन सुना त्याच्यापायी वायल्या निघाल्या. तसं झालं तर तुमची कंपनी कोनाला धाडती का, हगलं-मुतलं काढाया?"

राधाकृष्ण म्हणाला, अपघात झाला तर काही तरतूद असते. अपघाताचं विचारत नाही, असं आप्पासाहेब म्हणाला. तसा विमा अजून निघालेला नाही, राधाकृष्णनं कबूल केलं. आप्पासाहेबानं मान हलवली, चहाचे पैसे स्वतः दिले आणि म्हणाला, "मेल्यालं काय, समदे मिळून पोचिवत्यात हो. निघाला तसला तर या. पयला मी घेईन." त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. राधाकृष्णला थट्टा चालली असती.

गाव तिथून चालत तासाभरावर. घरी कुलूप नव्हतं, पण कोणी नव्हतंही. वेशीतल्या लंगड्या म्हाताऱ्यानं सांगितलं, समदं गाव तलावावर. ओढ्यावर पाझर तलावाचं काम चाललं होतं. लांबून मुंग्यांसारखी दिसणारी माणसं जवळ गेल्यावर एकेक ओळखीची निघाली. त्याला शाळेत शिकवलेल्या गुरुजींचे धाकटे भाऊ, पाटलाची सून, देवळातला पुजारी, सगळे घमेली वाहत होते. कारभारी खणत होता. भावाला बघून त्यानं टिकाव टाकला, मुकादमाकडं एक नजर टाकली आणि बाभळीच्या नावापुरत्या सावलीत येऊन बसला. त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"कशी हाय आत्या?"

"आहे तशीच. दादा, छबूबाई सोडून चालली. मला काहीतरी मदत पाहिजे. दाणे नाहीत ते दिसतंय मला. पण तिला थोडे दिवस इकडे आणू का? रतनवहिनी—"

कारभारीनं हातानंच बांधाकडं दाखवलं. रतनबाई डोक्यावर घमेलं घेऊन चढत होती. तिच्या मागं तिच्याहून म्हाताऱ्या दोघी होत्या. "आण म्हनलो असतो," तो म्हणाला. "पन घरात दिवसा कुत्रं बी नसतं रं. हजेरी चुकली तर चुलीवर काय ठिवायचं?"

"मग रानाचं काहीतरी बघ. दोन एकर विकू."

"घेतो कोन? फुकट दिलं तर लोक म्हनतील, वर बियाचं पैसं दे." तो थोडा वेळ मातीत काडीनं रेघा ओढत राहिला. "आत्यानं रानाच्या भरवशावर म्हातारपन टाकलं. आता रानानंच अंग टाकलं, त्याला तू काय करनार अन् मी काय करनार."

राधाकृष्णला ओरडावंसं वाटलं. आपण दोघांत तूच थोरला, असं म्हणावंसं वाटलं. चार एकरांत पाणी लागलं असतं तर तूच तिला पाठीवर घालून आणली असतीस, असंही आलं ओठावर. पण समोरच्या माणसाच्या तळहातावर फुटलेले फोड होते आणि त्यातून पाणी येत होतं. अशा हातांवर राग कसा धरायचा? रागाला धरायला कुठं खुंटीच नव्हती. मुकादमानं शिट्टी मारली तसा कारभारी उठला. रतनबाई वाटेत थांबली, घमेलं न उतरवताच म्हणाली, "भावजी, घरी कनगीच्या मागं माजी दोन जुनी लुगडी हायती, तेवढी घिऊन जावा. आत्याबाईला खाली घालाया मऊ पडत्यात." त्यानं रिकाम्या घरात शिरून ती लुगडी घेतली. कनगीत दाणे आहेत का ते वाकून बघायचा मोह त्यानं टाळला. परतीच्या एसटीत ती मांडीवर घेऊन बसताना त्याच्या लक्षात आलं, की सबंध दिवसात त्याला एवढीच एक गोष्ट मिळाली होती, आणि ती देणारीनं ती न मागता दिली होती.

संध्याकाळी पुष्पावतीनं त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसली. "मला बालवाडीत घेतलंय," ती म्हणाली. "सोमवारपासून. सकाळीच सांगणार होते."

त्याचा घास हातात राहिला. "आणि आत्याचं?"

"तुम्ही करा."

"मी? अगं, मी पुरुषमाणूस. तिचं मी कसं करू?"

"तुमचं काम फिरतीचं आहे. दुपारी निघालात तर कोणी हजेरी मांडत नाही. मला मांडतात." ती हळू बोलत होती, आत्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "छबूबाई नसायची तेव्हा तीन वर्षं मी केलंच. दुखणंखुपणं, सणवार, रविवार. सासू असती तरी केलं असतं, त्याचं काही नाही. पण तुम्ही रोज अंघोळ करून शर्ट घालून बाहेर पडता आणि लोकांना सांगता, पुढची काळजी करा. माझी पुढची काळजी मीच करत्येय. मला ते रान नको, त्यातलं ढेकूळ नको. मला महिन्याच्या महिन्याला माझं काहीतरी पाहिजे."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना बोलवा करायला."

यावर तो बरंच काही बोलला. काय बोलला ते नंतर त्याला आठवलं नाही, पण आवाज चढला होता, आणि पुढच्या खोलीतून एक स्वच्छ शिवी आली तेव्हा दोघंही गप्प झाले. ती शिवी कोणाला होती हे कळायला मार्ग नव्हता.

सोमवारी पुष्पावती इस्त्रीचं पातळ नेसून गेली. जाताना तिनं पाणी कुठं भरून ठेवलंय, स्पिरिट आणि पावडर कुठं आहे, ते सांगितलं. नळ एक दिवसाआड येत होता, म्हणून पाणी बेतानं वापरा म्हणाली. पाऊण बादली. तो खाटेजवळ गेला. आत्यानं डोळे उघडले आणि त्याच्या हातातलं फडकं बघून तिला सगळं समजलं असावं. तिचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं.

"हो बाहीर," ती म्हणाली.

"आत्या, अंथरूण भिजलंय."

"भिजू दे. बाहीर."

त्यानं चादरीला हात घातला तसा तिनं चांगल्या, डाव्या हातानं त्याच्या मनगटावर फटका मारला. म्हाताऱ्या हातात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो जिन्यावर जाऊन बसला. खालचा बोहारी भांडी वाजवत होता. दोन ठिकाणी हप्ते गोळा करायला जायचं होतं, तिथं लोक वाट बघत असतील, किंवा खरं म्हणजे नसतीलच. आत बाई ओलीत पडली होती आणि तो बाहेर बसला होता. दोघांपैकी कोणीही हललं नाही तरी काही झालं नसतं, नुसतं उन्ह वर चढलं असतं. त्याला हसू आलं, ते चांगलं हसू नव्हतं. हिनं आपल्याला न्हाऊ घातलेलं त्याला आठवत होतं. रानातल्या विहिरीच्या थारोळ्यात, कान पिळून, वज्रीनं टाचा घासून. तेव्हा तोही असाच हात झाडायचा आणि ती ऐकायची नाही. आपण मात्र ऐकून बाहेर येऊन बसलो, कारण आपल्याला तेच हवं होतं. तिनं नको म्हणावं, म्हणजे आपण सुटलो. तिच्या लाजेच्या आड लपायला आपल्याला बरं वाटत होतं. हे मनात आल्यावर त्याला तिथं बसवेना.

तो आत आला, स्टोव्ह पेटवून पाणी कोमट केलं. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"छबी?" तिनं विचारलं.

"गेली. खडी फोडायला."

"पुष्पी?"

"ती कामाला लागली. रोज जाणार."

आत्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडं उतरलं, एकाच डोळ्यातून, आणि ती अडखळत म्हणाली, "तोंड... माजं तोंड झाक."

त्यानं रतनबाईचं लुगडं दुहेरी करून तिच्या चेहऱ्यावर घातलं. मग पुढं तो नुसता हातांवर राहिला. अंथरूण एका बाजूनं गुंडाळत न्यायचं, माणूस कुशीवर लोटायचं, मग दुसऱ्या बाजूनं काढायचं, हे त्यानं दारातून येताजाता पाहिलं होतं, पण पाहिलेलं हाताला येत नव्हतं. ती हलकी असेल असं त्याला वाटलं होतं, आणि मेलेली बाजू दगडासारखी जड निघाली. पाणी जमिनीवर सांडलं. फडकं लागलं तसं आत्या लुगड्याखाली कण्हली. तिला कुशीवर धरून त्यानं पाठ पुसायला घेतली आणि माकडहाडाजवळची ती जखम त्याला दिसली. जखम आहे हे त्याला माहीत होतं. पुष्पावती सांगायची, पाठ खराब झालीय, पावडर आणा. तो पावडर आणायचा. ती एवढी असेल, तिला काठ असतील, मध्ये खोल असेल, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या घरात, त्याच्या पानापासून हातभर अंतरावर हे वाढत होतं. वास अगदी जवळ आला. त्यानं तोंडानं श्वास घेतला. मग हळूहळू काठाकाठानं त्यानं पुसलं, कोरडं केलं, सुकं लुगडं खाली सारलं. सगळं होईपर्यंत त्याची स्वतःची कंबर अशी धरली, की त्याला खाटेच्या दांडीला धरून खाली बसावं लागलं.

तो जमिनीवरच्या ओलीत बसून राहिला. लुगड्याखालून आत्याचा आवाज आला, "राधू."

"काय?"

"तुजं... कोन करील?"

"पुष्पा आहे की."

"अन् पुष्पीचं?"

मुलगी एकच, ती पारनेरला दिलेली, तिची स्वतःची सासू अंथरुणावर. आत्यानं डाव्या हातानं चाचपत तोंडावरचं लुगडं स्वतःच बाजूला केलं. ओठ कोरडे पडून फुटले होते. सकाळपासून ती पाणीसुद्धा प्यालेली नाही, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"पाणी देऊ?"

"दे." मग तो उठत असताना ती म्हणाली, "थोडंच. घोटभर. पुन्ना... तुलाच काढाया लागंल."

तो माठाशी तसाच उभा राहिला. कधीपासून ही घोटभरच पीत असेल? छबूबाईला त्रास नको, पुष्पीला नको, म्हणून दिवसच्या दिवस तहान मारून. म्हणून ओठ असे, म्हणून त्या शिव्या. त्याला पुन्हा राग आला, त्या दिवशी दाढी करताना आला होता त्याहून मोठा. तिच्यावर आला, तिला हे करायला लावणाऱ्या स्वतःवर आला, आणि त्यापलीकडं कोणावर ते त्याला कळेना. त्यानं तांब्या काठोकाठ भरला. तिच्या मानेखाली हात घालून तिला उठवलं आणि तांब्या तोंडाला लावला.

"सगळं पी," तो म्हणाला. आवाज हवा होता त्यापेक्षा कठोर लागला.

तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि पिऊ लागली. अर्धं हनुवटीवरून ओघळत होतं, ते तो हातानं निपटत होता. मध्ये ती थांबली, त्यानं तांब्या हलवला नाही. तळाशी पोचल्यावर तिनं दमून मान मागं टाकली आणि एक स्वच्छ शिवी दिली.

त्यानं तांब्या खाली ठेवला. हप्त्याला आज जाणं होणार नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा बदलावं लागणार होतं, आणि बादलीत तांब्याभरच पाणी उरलं होतं. बादली घेऊन तो जिना उतरला आणि खालच्या बिऱ्हाडात पाणी मागायला गेला.